मदत हवी आहे: भाचीच्या पॉक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचार) केसमध्ये साक्ष फिरवण्यासाठी घरच्यांचाच दबाव

निशिगंधा_०७:
लवकर सांगा, पुढच्या आठवड्यात माझी साक्ष आहे. भाचीने सगळं पहिल्यांदा मला सांगितलं, म्हणून मी साक्षीदार. बहीण फिर्यादी. तिच्या सासरचे रोज फोन करतात. परवा तिच्या सासूबाई पाचशेचा स्टॅम्प पेपर घेऊन आल्या. टाइप केलेलं, 'सदर तक्रार गैरसमजातून दिली असून...' सही कुठे करायची ते कळावं म्हणून बहिणीच्या नावापुढे पेनाने फुलीसुद्धा मारलेली. सही केली नाही तर मेहुण्यांना जमिनीत वाटा नाही, आणि "तुझ्या पोरीचं लग्न कसं जमतं ते बघतो" असं मला. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन परत पाठवलं. काय करू?

किरणमाई:
आरोपी नात्याने कोण? जामिनावर आहे का? भाचीचं वय?

वसंत_आबा:
ताई, वडीलकीच्या नात्याने सांगतो. कोर्टात शेवटी पोरीचेच धिंडवडे निघतात. चार मोठी माणसं बसवा आणि मिटवून घ्या. तालुका कोणता?

अ‍ॅड_रेवती:
तालुका सांगू नका. मुलीची ओळख पटेल असं काहीही जाहीर करणं हा गुन्हा आहे.
आबा, हे मिटवता येत नाही. राजस्थानात एका शिक्षकाशी मुलीच्या वडिलांनी समझोता केला, उच्च न्यायालयाने गुन्हाही रद्द केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. आणि धिंडवडे कसले? पॉक्सोत सुनावणी बंद दाराआड होते, साक्षीच्या वेळी आरोपी मुलीच्या नजरेसमोर नसतो.
निशिगंधा, एनसीवर थांबू नका. खोटी साक्ष द्यावी म्हणून धमकावणं हे भारतीय न्याय संहितेचं कलम २३२. दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात; सात वर्षांपर्यंत शिक्षा. अब्रूची आणि मालमत्तेची धमकीही त्यात येते.

मंगेश_एस:
केस जुनी असेल तर जुन्या कायद्याचं, आयपीसी १९५अ लागेल ना? आणि त्यात कोर्टातच तक्रार द्यावी लागते, पोलीस एफआयआर घेत नाहीत. माझ्या मेव्हण्याच्या वेळी वकिलांनी हेच सांगितलं होतं.

अ‍ॅड_रेवती:
मूळ गुन्हा कधीचा ते नाही, धमकी कधीची ते बघायचं. धमकी परवाची, म्हणून २३२. आणि अशा धमकीचा एफआयआर पोलीस थेट नोंदवू शकतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. ठाण्यात ऐकलं नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षकांना द्या.

बळीराजा_८२:
जमीन वडिलोपार्जित असेल तर वाटा असा तोंडी नाकारता येत नाही. आधी सातबारा आणि फेरफार काढा. आमच्याकडे वाटणीचा दावा चालू आहे, त्यात...

किरणमाई:
दादा, जमिनीचं नंतर. निशिगंधा, माझ्या प्रश्नांची उत्तरं?

निशिगंधा_०७:
आरोपी भाचीचा सख्खा काका. भाची नववीत. जामीन झालाय, घरीच असतो. बहीण भाचीला घेऊन वरच्या खोलीत राहते. मला फक्त साक्षीचं सांगा.

किरणमाई:
म्हणजे मुलगी आरोपीबरोबर एकाच घरात आहे?? तुमच्या साक्षीआधी हे बघा. आज १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा, बालकल्याण समितीकडे सहायक व्यक्ती (खटल्यात मुलीला साथ देणारी) मागा. मी हे काम केलंय. एका खटल्यात आई फितूर झाली, आणि पोर साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या बाकावर आजीने दिलेला लाडू हातात धरून बसली होती. खात नव्हती, टाकतही नव्हती. घरातली माणसं धमकी देतात तेव्हा ती मायेने देतात, हे पोलिसांना समजावून सांगावं लागतं.

अ‍ॅड_रेवती:
जामिनाच्या आदेशाची प्रत काढा. साक्षीदारांवर दबाव आणायचा नाही ही अट बहुतेक असेलच. सरकारी वकिलांमार्फत जामीन रद्द करण्याचा अर्ज द्या. साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडेही अर्ज करा. पोलिसांना धोक्याचा अहवाल पाच कामकाजाच्या दिवसांत द्यावा लागतो, आणि तातडी असेल तर समिती तोपर्यंत अंतरिम संरक्षण देऊ शकते.

मंगेश_एस:
मी तर म्हणतो प्रत्येक फोन रेकॉर्ड करा. दुसरं काही टिकत नाही कोर्टात.

अ‍ॅड_रेवती:
करा, पण मूळ फोन जपून ठेवा. रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागेल. त्या स्टॅम्प पेपरचा फोटो आहे का?

निशिगंधा_०७:
पेपर बहिणीकडेच आहे, कपाटात लपवलाय. सरकारी वकिलांनी उद्या बोलावलंय. बहीण घाबरलीय, यायला तयार नाही. मेहुणे गप्पच असतात. पण बहीण भाचीला तुझ्याकडे ने म्हणते. नेऊ का लगेच? की लिहून घेऊ तिच्याकडून?

अ‍ॅड_रेवती:
लिहून घ्या, पण तेवढ्यावर हलवू नका. बालकल्याण समितीचा आदेश घ्या. वडील गप्प आहेत ना, उद्या त्यांनाच पुढे करून मुलीला पळवून नेल्याची तक्रार तुमच्यावर होईल.