बाबासाहेब राज्यसभेत नेमकं काय बोलले? (१९५२ ते १९५६)

शिक्षिका_कराड

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. सहा डिसेंबरला आमच्याकडे मुलं भाषणं करतात. चवदार तळं, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षा, दरवर्षी हेच क्रमाने येतं. यंदा नववीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, घटना झाल्यावर बाबासाहेब काय करत होते?" हिंदू कोड बिल रखडलं म्हणून मंत्रिपद सोडलं, मग राज्यसभेत गेले, असं मी सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न, "तिथे काय बोलले?" आणि तिथे मी अडले. वीस वर्षं शिकवतेय आणि या प्रश्नावर माझ्याकडे दोन वाक्यंही नव्हती, याचं फार वाईट वाटलं.

त्यातच पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय की बाबासाहेबच म्हणाले होते, मी घटना जाळून टाकीन. त्याच मुलीच्या वडिलांनी मला विचारलं, हे खरं का? मला त्यांना खरं सांगायचंय, पण अर्धवट नाही. कुणी मूळ भाषणं वाचली आहेत का?

जुना_ग्रंथपाल

बाई, वाक्य खरं आहे. पण ते ज्या भाषणात आहे ते भाषण कुणी पुढे पाठवत नाही.

मी तालुक्याच्या वाचनालयात एकतीस वर्षं काम केलं. राज्य सरकारने काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेतला पंधरावा खंड आमच्याकडे होता. मंत्री म्हणून आणि नंतर विरोधी बाकावरून बाबासाहेब संसदेत जे बोलले ते त्यात आहे. जाड खंड, फारसं कुणी नेत नसे. दुपारी वाचनालय रिकामं असताना मी शब्दकोश शेजारी ठेवून तो वाचून काढला. दोन पावसाळे लागले.

आधी ते तिथे कसे पोचले ते मुलांना सांगा. १९५२च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरले. मग मुंबई राज्यातून वरच्या सभागृहात निवडून गेले. त्या सभागृहाला 'राज्यसभा' हे नाव १९५४च्या ऑगस्टमध्ये मिळालं. १९५४ साली ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे राहिले, तिथेही हरले. ज्यांनी घटनेचा मसुदा उभा केला त्यांना लोकांनी दोनदा लोकसभेबाहेर ठेवलं. हे मुलांपासून लपवू नका.

आता ते वाक्य. २ सप्टेंबर १९५३. आंध्र राज्याच्या विधेयकावर चर्चा चालू होती. वेगळ्या आंध्र राज्यासाठी उपोषण करणारे पोट्टी श्रीरामुलू त्या उपोषणात गेले होते आणि भाषेवर राज्य देणं सरकारला भाग पडलं होतं. बाबासाहेबांची काळजी वेगळी होती. अशा राज्यात एखादा मोठा समाज सगळीकडे पसरलेला असेल, तर त्याच्या आधाराने जगणाऱ्या लहान समाजांचं काय? त्यांच्या रक्षणासाठी राज्यपालांच्या हाती काही खास अधिकार द्या, असं ते मांडत होते. लहान समाजांची भीती समजून घेऊन ब्रिटिश पार्लमेंट चालतं, असा दाखला त्यांनी दिला. लोक म्हणतात घटना तुम्ही केली, पण ती जाळायला मीच पहिला पुढे येईन, हे त्याच ओघात आलं. आणि लगेच पुढे काय? बहुसंख्याक आहेत तसे अल्पसंख्याक आहेत. तुम्हाला मान्यता दिली तर लोकशाहीला धक्का बसेल असं म्हणून त्यांना डावलता येणार नाही. सर्वांत मोठं नुकसान अल्पसंख्याकांना दुखावण्याने होईल. राग घटनेच्या कागदावर नव्हता. त्या घटनेखाली लहान माणूस उघडा पडतोय, यावर होता.

दीड वर्षाने, १९ मार्च १९५५ रोजी, सभागृहातच एका सदस्याने त्यांना या वाक्याची आठवण करून दिली. त्यांनी ते नाकारलं नाही. मागच्या वेळी घाईत कारण सांगायचं राहिलं, आता सांगतो, म्हणाले. आम्ही देवासाठी मंदिर बांधलं; देवाची स्थापना होण्याआधीच असुर आत येऊन बसले, तर मंदिर पाडण्यावाचून काय करणार? असा त्यांच्या उत्तराचा आशय. कुणीतरी मध्येच म्हणालं, मग मंदिर कशाला, असुरालाच नष्ट करा. त्यावर त्यांनी थेट 'शतपथ ब्राह्मण' हा वैदिक ग्रंथ काढला, देव असुरांकडून कसे हरत आले ते सांगायला! ती पानं मी किती वेळा वाचली असतील.

वकील_लातूर

ग्रंथपालकाकांनी बरोबर सांगितलं. एक भर घालतो. १९ मार्चची ती चर्चा चौथ्या घटनादुरुस्तीवर होती. विषय कलम ३१, म्हणजे मालमत्ता घेतली तर भरपाई किती. मसुदा समितीच्या अध्यक्षाने भर सभागृहात सांगितलं की हे कलम आमच्या समितीचं नाही, नेहरू, पटेल आणि पंत यांच्यातल्या तडजोडीतून ते आलं, आम्ही त्याची जबाबदारी घेऊ शकत नाही. घटना एकट्याने लिहिली असं आपण भाषणात म्हणतो, ते त्यांनाच मान्य नव्हतं.

परराष्ट्र धोरणावरचं २६ ऑगस्ट १९५४चं भाषणही पाहा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिबेटबाबत चीनशी करार झाला होता आणि त्यातल्या पंचशीलाचं, म्हणजे शांततेने शेजारी राहण्याच्या पाच तत्त्वांचं, कौतुक चाललं होतं. पंचशील बौद्ध धर्मातलं आहे, चीनचे नेते माओ यांचा त्यावर कणभर विश्वास असता तर त्यांनी आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं, असं बाबासाहेब म्हणाले. आठ वर्षांनी चीनशी युद्ध झालं.

शिक्षिका_कराड

दोघांचे मनापासून आभार. काका, त्या वडिलांना तुमचं उत्तर जसंच्या तसं वाचून दाखवीन. पण मुलीच्या वाट्याला पाचच मिनिटं आहेत. चौदा वर्षांच्या मुलीला समजेल आणि सांगता येईल असं एकच भाषण निवडायचं तर कुठलं?

जुना_ग्रंथपाल

सप्टेंबर १९५४चं, अस्पृश्यता (अपराध) विधेयकावरचं.

त्यात त्यांनी आधी विधेयकाच्या नावालाच हात घातला. हे नाव वाचून लोकांना वाटेल, धोब्याने कपडे धुतले नाहीत, न्हाव्याने दाढी केली नाही, मिठाईवाल्याने लाडू दिले नाहीत, एवढ्याशा गोष्टींसाठी संसद कशाला बसली? हा कायदा नागरी हक्कांच्या रक्षणाचा आहे, तर नावातही तेच येऊ द्या, असं त्यांनी सुचवलं. १९५५ साली कायदा झाला तो जुन्याच नावाने. १९७६ साली दुरुस्ती झाली तेव्हा त्याच कायद्याला 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' नाव मिळालं. तोवर त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. हे मुलीला नक्की सांगा.

लाडवांचं ते वाक्य मी वाचलं आणि खंड मिटून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. आम्ही रायगडकडचे कुणबी. मी सातवीत असताना गावकीने आम्हाला वाळीत टाकलं होतं. वडिलांनी गावकीचा दंड भरला नाही, एवढंच कारण. दुकानातून मीठ मिळेना, गिरणीवाला दळण परत पाठवी. आई पायली डोक्यावर घेऊन डोंगराच्या पलीकडच्या गावात दळायला जायची. आजी गेली तेव्हा आमच्या गावातला एकही माणूस दारात आला नाही. खांदा द्यायला चार माणसं आली ती त्याच पलीकडच्या गावच्या बौद्धवाडीतली. बाहेरच्यांना मीठ न मिळणं क्षुल्लकच वाटायचं.

बाबासाहेब बोलत होते ते अस्पृश्यांवरच्या जुलमाबद्दल. आमचं दुःख त्याच्या शेजारी ठेवण्याएवढं मोठं नाही, हे मला कळतं. पण हत्यार तेच. बहिष्कार हा गुन्हा ठरवा, ही मागणी त्यांनी १९३० साली गोलमेज परिषदेतच केली होती, बर्मातल्या १९२२च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार देऊन. १९५५च्या कायद्यात, अस्पृश्यता संपल्यामुळे मिळालेला हक्क वापरला म्हणून कुणावर बहिष्कार टाकणं गुन्हा ठरलं. आमच्यासारख्यांना लागू पडेल असा महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा अमलात आला २०१७च्या जुलैत. वडील तोवर नव्हते.

राज्यसभेच्या संकेतस्थळावर जुन्या चर्चा आहेत, इंग्रजीत. भाषण लांब आहे. मुलीला घेऊन बसा, नावाबद्दलचा भाग आधी वाचा. तिला अडलं तर इथे विचारा, मी रोज संध्याकाळी बघतो.