'लवचीक दुर्बीण' म्हणावं का?

माळरान: मुतखड्याच्या ऑपरेशनचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'फ्लेक्सिबल युरेटेरोस्कोप'ला, म्हणजे लघवीच्या वाटेने आत घालून खडा पाहायच्या वाकणाऱ्या नळीला, 'लवचीक दुर्बीण' लिहिलं. आईने वाचून विचारलं, "बाहेरूनच बघायचं तर लवचीक कशाला?" दुसरा शब्द सुचवा.

पाणवठा: घोळ 'दुर्बीण'चा आहे. फारसीत 'दूर' म्हणजे लांब, 'बीन' म्हणजे पाहणारा. ही ३ मिलिमीटर जाडीची नळी थेट मूत्रपिंडात शिरते, हिला दूरचं काय पाहायचंय? 'अंतर्दर्शी' लिहा.

शेवंती: बारा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, एकाही पेशंटच्या तोंडी 'अंतर्दर्शी' ऐकला नाही. पित्ताशय, गुडघा, प्रोस्टेट, सगळं 'दुर्बिणीतून' होतं. रुजलेला शब्द उपटू नका.

वाटसरू: रुजलाय, पण अर्थ पोचतो का? माझ्या वडिलांना वाटलं, बाहेरून बघून लेझर मारतील. घरी आल्यावर लघवी लाल, जळजळ, आत डीजे स्टेंट, म्हणजे लघवी वाहती राहावी म्हणून ठेवलेली तात्पुरती नळी. दोन रात्री झोपले नाहीत. कोणी नीट सांगितलंच नव्हतं.

शेवंती: वाईट वाटलं वाचून. सांगायलाच हवं होतं. मला मात्र 'लवचीक'च खटकतो. छडी लवचीक असते, सोडली की सरळ होते. इथे मुठीजवळ अंगठ्याने फिरवायची कळ असते, तिने टोक दोन्ही बाजूंना साधारण २७० अंशांपर्यंत वळतं. म्हणून तर किडनीच्या खालच्या कप्प्यातला खडा गाठता येतो, कडक दुर्बीण तिथे वळत नाही. लेझरची तार आत सारताना टोक आधी सरळ करून घ्यावं लागतं, नाहीतर तार आतूनच नळीला भोक पाडते. हे सगळं 'वळती दुर्बीण'मध्ये येतं.

पाणवठा: 'वळती' तर रक्कम करतात, या खात्यातून त्या खात्यात.

शेवंती: आमच्या गावी गुरंही वळती करतात. वळवणं तेच.

वाटसरू: सरळ 'फ्लेक्सिबल' लिहा. 'स्टेंट' चालतो, 'लेझर' चालतो, मग हाच का नको?

पाणवठा: असं एकेक सोडत गेलं तर पत्रकात मराठी म्हणून फक्त क्रियापदं उरतील.

गोदाकाठ: मधेच विचारतो. युरेटर म्हणजे मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची नळी, युरेथ्रा म्हणजे तिथून बाहेर येणारी. 'मूत्रनलिका' दोन्हींना वापरलेला पाहिलाय. माळरान, तुम्ही कुणाला काय लिहिलंय?

माळरान: दोन्हींना 'मूत्रनलिका'च. थांबा, फाइल उघडते.

गोदाकाठ: वरचीला 'मूत्रवाहिनी', खालचीला 'मूत्रमार्ग' करा.

पाणवठा: 'वाहिनी' रक्ताची. इथे 'गविनी' हवा, आयुर्वेदातला जुना शब्द आहे.

शेवंती: 'गविनी' कुणाला कळणार?