माहितीपटाच्या आधीची अकरा वर्षं

दंगलींवरचे माहितीपट खपल्या काढतात, समेट घडवत नाहीत, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. सरसकट तसं नाही. नायजेरियातल्या कादुनाचं उदाहरण घ्या. १९९२ च्या ख्रिस्ती-मुस्लिम हिंसाचारात पास्टर जेम्स वुये यांचा उजवा हात गेला. इमाम मुहम्मद अशाफा यांचे गुरू आणि दोन नातलग मारले गेले. दोघंही आपापल्या बाजूच्या हत्यारबंद तरुणांचे म्होरके, आणि दोघांच्याही मनात सूड. १९९५ मध्ये एका पत्रकाराने त्यांची गाठ घालून दिली. 'द इमाम अँड द पास्टर' हा माहितीपट आला तो थेट २००६ मध्ये!

मला ही मधली वर्षं फार मोलाची वाटतात. एकमेकांवर विश्वास बसायला वेळ गेला, दोघांनी मिळून कादुनात मध्यस्थी केंद्र उभारलं, आणि मग कॅमेरा आला. म्हणून वुये जेव्हा आपल्या द्वेषाबद्दल उघड बोलतात, तेव्हा ते खरं वाटतं. रक्त वाळायच्या आत केलेल्या चित्रणात असं बोलणं मिळत नाही, तिथे साक्षी मिळतात. न्यायासाठी त्याही हव्यातच, पण ते काम वेगळं.

पुढे २००७-०८ च्या निवडणूक हिंसाचारानंतर हे दोघं केनियाच्या रिफ्ट व्हॅलीत मध्यस्थीला गेले. त्यावरही माहितीपट झाला. तिथला झगडा धर्माचा नव्हता, जमातींचा होता, तरी लोकांनी त्यांचं ऐकलं. आपल्याकडे मुंबईच्या ९२-९३ च्या दंगलींवर असं काही करायचं असेल, तर मोहल्ला कमिट्यांत, म्हणजे वस्तीवस्तीतल्या शांतता समित्यांत, राबलेल्या माणसांपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.