बंधित निधीतून आरओचं एटीएम, की आधी विहिरीभोवतीचे खड्डे हलवायचे?

आडाकाठचा :
आमच्या ग्रामपंचायतीत वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेल्या निधीतून आरओचं, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या मशीनचं एटीएम बसवायचा ठराव येत्या ग्रामसभेत आहे. पाच रुपये टाका, २० लिटर पाणी न्या. मी विरोधात हात वर करणार आहे.

गावाची विहीर ओढ्याच्या कडेला. कट्टा दोन ठिकाणी फुटलाय. वीस-पंचवीस पावलांवर तीन घरांच्या संडासाचे खड्डे, पलीकडे उकिरडा, वरच्या अंगाला ऊस. गेले दोन पावसाळे जुलाबाची साथ आली. आमच्याकडे दोन हात माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण. वाळूतून जसं पाणी गाळून येतं तसं या दगडातून येत नाही, भेगा सापडल्या की ते थेट धावतं.

एटीएमचं पाणी माणूस पिण्यापुरतं नेणार. चूळ भरणं, भांडी, भाजी धुणं, अंगणवाडीतल्या पोरांचे हात, सगळं त्याच विहिरीवर राहणार. आणि ज्याच्याकडे रोजचे पाच रुपये नाहीत तो पिणारही तेच. आधी कट्टा दुरुस्त करा, खड्डे आणि उकिरडा लांब न्या.

पूर्णाकाठ :
दादा, तुमच्या गावापुरतं खरं असेल, पण आरओच नको असा सूर लावू नका. मी अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातला, जिथे जमिनीतलं पाणीच खारट आहे. आमच्या विहिरीला कितीही चांगला कट्टा बांधा, पाणी खारंच लागणार, कारण खार जमिनीतच आहे. पिण्याच्या पाण्याच्या मानकाप्रमाणे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवेत, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. आमच्या कित्येक विहिरी त्याच्याही पुढे आहेत. काका डायलिसिसवर होते, गेले. पाण्यानेच गेले असं मी म्हणणार नाही, पण आमच्या पट्ट्यात मूत्रपिंडाचा रुग्ण नाही असं गाव दाखवा. धरणाच्या पाइपलाइनचं गोड पाणी ज्यांना मिळालं ते सुटले. बाकीच्यांनी तोवर काय प्यायचं?

जलसुरक्षकाची लेक :
माझे वडील सतरा वर्षं गावचे जलसुरक्षक आहेत, म्हणजे गावच्या पाण्यात औषध टाकणं आणि ते तपासणं त्यांच्याकडे, म्हणून लिहिते. जुलाबाची साथ क्षारांनी येत नाही, जंतूंनी येते, आणि त्यावर टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर पुरते. पण ती नीट हवी. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की ते उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर टाकणं म्हणजे पाण्यात चुना कालवणं. वडील शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची चाचणी घेतात. पिवळा रंग आला, लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं, तरच घरी जेवायला येतात. त्यांचं मानधन मात्र चार-चार महिने थकतं. मशीनला लाखो रुपये मिळतात आणि रोज टाकीवर चढणाऱ्या माणसाला पगार मिळत नाही, याचा मला फार राग आहे.

बागायतदार :
वरच्या अंगाला ऊस आहे, हे लिहून तुम्हाला काय म्हणायचंय ते कळतं. शेतकऱ्याला दोष देणं सोपं असतं. आमचं पोट त्यावर आहे. गावाच्या विहिरीचं पाणी आटतं म्हणून मी माझी बोअर बंद ठेवू का? मशीन बसवा, विषय मिटवा.

आडाकाठचा :
काका, ऊस काढा असं मी म्हटलेलं नाही. पण विषय युरियाचा आहेच. पिकाने न उचललेला नत्र नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली उतरतो, माती त्याला धरून ठेवत नाही. उकिरडा आणि संडासाचे खड्डे त्यात भर घालतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यावर टीसीएलचा काहीच उपयोग नाही, हे ताईंनाही सांगतो. युरिया थोडाथोडा करून, ठिबकमधून दिला तर तुमचेही पैसे वाचतील.

बोअरचं म्हणाल तर राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्यातच पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत शेतीसाठी नवी विहीर नको असं होतं. २००९ च्या कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आणली. आपल्याकडे बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी निघून जाते, कुणी विचारत नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर नको हे स्वतःहून ठरवलं आणि पाळलं. तेही शेतकरीच आहेत.

पूर्णाकाठचे दादा, तुमचं मान्य. खारपाणपट्ट्यात पाइपलाइन येईपर्यंत आरओ हवंच. माझा विरोध आमच्या गावातल्या ठरावाला आहे, तिथे पाणी न तपासता मशीन ठरलंय.

पूर्णाकाठ :
मग ग्रामसभेत एक प्रश्न नक्की विचारा. आरओ जेवढं शुद्ध पाणी देतं जवळपास तेवढंच, कधी जास्तच, क्षारांचं पाणी बाहेर टाकतं. आमच्या शेजारच्या गावात ते गटारीत सोडलं, गटार विहिरीजवळून जाते. तुमच्या ठरावात ते कुठे सोडणार लिहिलंय का?

आडाकाठचा :
ठराव पाहिला. एक ओळही नाही.

सात महिन्यांच्या बाळाची आई :
सगळं वाचलं. मी याच ओढ्याच्या गावची सून आहे. तुमचा तपासणी अहवाल येईल तेव्हा येईल, आज बाळाला वरचं पाणी काय देऊ? उकळून देते आहे.

जलसुरक्षकाची लेक :
ताई, उकळल्याने जंतू मरतात, ते चालू ठेवा. पण नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं, आणि तान्ह्यांना त्याचाच धोका जास्त, रक्तातला प्राणवायू कमी होऊन अंग निळसर पडतं. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायची पेटी असते, गावातल्या पाच बायकांना ती वापरायचं शिकवलेलं असतं. त्यातली एक नक्की तुमच्या गल्लीत असेल. उद्या सकाळी तिला गाठा, विहिरीचं पाणी आणि शाळेजवळच्या हातपंपाचं, दोन्ही तपासून घ्या. नायट्रेटची चाचणी थोड्याच वेळात होते. हातपंपाचं बरं निघालं तर बाळापुरतं तेच आणून उकळा.

आडाकाठचा :
वहिनी, पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे, किल्ली शिपायाकडे असते. आठ वाजता मी तिथे असतो, या.