मदत हवी आहे: मुलगी दूधसुद्धा घेईना, हिमोग्लोबिन ९.४, लोहासाठी जेवणात काय देऊ?

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावात वडगावला राहतो, घर माळकरी त्यामुळं अंडी-मटण कधीच नव्हतं, पण आता मुलीनं (वय १७, पीयूसीला म्हणजे अकरावी-बारावीला आहे) दूध दही तूप पण सोडलंय, व्हीगन व्हायचं म्हणते. माझा विरोध नाही, तिला जनावरांची खरंच कळकळ आहे. पण जिना चढला की धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) पण कमी. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, चालू आहेत, बंद करणार नाही. मला विचारायचंय ते गोळ्या संपल्यानंतरचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्यात या वयाच्या मुलींना दिवसाला ३२ मिग्रॅ लोह लिहिलंय, एवढं भाकरी-आमटीतून कसं जायचं? जो तो बीट, पालक, खजूर सांगतो. बीटाचा रस आता ती बघितला तरी तोंड फिरवते. सकाळी नाष्ट्याबरोबर कोरा चहा, जेवून उठली की परत कोरा चहा, रात्री ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी असं चाललंय. काय बदलू? इथल्या बाजारात मिळेल असंच सांगा, बाहेरून मागवायच्या पावडरी नकोत.

प्रतिसाद (खानापूरहून):
ताई, आधी तो जेवणावरचा चहा सोडवा. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, अंगात जाऊच देत नाही, आणि धान्य-कडधान्यातलं लोह मुळातच कमी शोषलं जातं. चहा प्यायचाच असेल तर जेवणाच्या आधी किंवा नंतर निदान तासभर सोडून. बीटात १०० ग्रॅममागं १ मिग्रॅ पण लोह नसतं, उगाच पोरीला छळू नका. पालकात असतं पण अंगी फार लागत नाही. त्यापेक्षा हुलगे, मसूर, मटकी, चवळी आलटून पालटून करा. हुलगे रात्री भिजत घाला, सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. भिजवून मोड आले की त्यातलं फायटेट कमी होतं, तेच लोहाला अडवत असतं. मग उसळ गॅसवरून उतरवल्यावर वरनं लिंबू पिळायचं, शिजताना नाही, उष्णतेनं सी जीवनसत्त्व जातं. भाकरीबरोबर गुरेळची (कारळ्याची) नाहीतर अगशीची (जवसाची) चटणी, राजगिऱ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, आणि जेवताना पेरूची फोड नाहीतर आवळा. हे सी असलेलं त्याच जेवणात पाहिजे हं, चार तासांनी खाऊन त्याचा उपयोग नाही. टोमॅटो घातलेली आमटी लोखंडी कढईत करा, आंबट असलं की कढईतलं लोह उतरतं, फक्त झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा नाहीतर काळी पडते आणि पोरं खात नाहीत.

धागाकर्ती:
खूप आभार वहिनी! गुरेळची चटणी तिला आवडतेच. अळीव चालेल का? सासूबाई दुधातच करतात.

प्रतिसाद (खानापूरहून):
चालतंय की, चांगलंच. नारळाच्या दुधात भिजवा, वर गूळ. पण गुळावर भरवसा ठेवू नका, चमचाभर गुळात असं कितीसं लोह असणार.

प्रतिसाद (निपाणीहून):
आमच्या पुतणीचं असंच झालं होतं म्हणून लिहितोय. गोळी लिंबूपाण्याबरोबर द्या, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नको. शौचाला काळं होतं, घाबरू नका. पोट फार धरलं तर एक दिवसाआड चालेल का ते डॉक्टरांनाच विचारा, मनानं सोडू नका. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का तेही बघा, कारण तेच असेल तर नुसत्या खाण्यानं भरून येणार नाही. आणि दूध सोडलंय म्हणजे बी१२ तपासाच, ते भाजी-कडधान्यात मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते.

धागाकर्ती:
बी१२ कुणी सांगितलंच नव्हतं. उद्याच रक्त द्यायला नेते, रिपोर्ट आला की इथंच टाकते.