पुण्यात तत्त्वज्ञानात एम.ए.: विज्ञान शाखेतून येताना तयारी कशी करावी?

अनुमिती_पुणे

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. (रसायनशास्त्र) चे शेवटचे सत्र चालू आहे. पुढे तत्त्वज्ञानात एम.ए. करायचे नक्की झाले आहे, शक्यतो सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या विभागातच. पदवीला हा विषय नव्हता. प्रवेशपरीक्षेसाठी नेमके काय वाचावे? लॉजिकच्या पेपरला बाहेरून आलेली मुले अडखळतात असे ऐकते, ते का? उत्तरे मराठीत लिहिली तर चालते का? आणि नेट-सेटचा (सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतापरीक्षांचा) विचार पहिल्या वर्षापासून करावा की नंतर? सर्वसाधारण सल्ला नको, तपशील हवा आहे.

पूर्वपक्ष

पदवीला विषय नसणे ही अडचण नाही, इतर शाखांचे पदवीधरही प्रवेशपरीक्षा देऊन येतात. तरी त्या वर्षीचे माहितीपत्रक पूर्ण वाचा, कारण पात्रतेची टक्केवारी आणि आरक्षणाची कागदपत्रे तिथेच ठरतात.

परीक्षा बहुपर्यायी असते. तिच्यासाठी एका तत्त्वज्ञात बुडी मारण्यापेक्षा सगळ्यांची ओळख पक्की हवी. भारतीय बाजूला कोणते दर्शन (तत्त्वज्ञानाची परंपरा) किती प्रमाणे (ज्ञानाची साधने) मानते हे झोपेतून उठवले तरी सांगता यायला हवे: चार्वाक १ (प्रत्यक्ष), बौद्ध आणि वैशेषिक २, सांख्य-योग ३, न्याय ४, प्राभाकर मीमांसक ५, भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्त ६. नुसते आकडे पाठ करू नका. वैशेषिक शब्दप्रमाण (विश्वासार्ह वचनातून मिळणारे ज्ञान) वेगळे मानत नाहीत, कारण ते त्याला अनुमानातच घालतात. हे कारण कळले की आकडा विसरत नाही. सत्कार्यवाद-असत्कार्यवाद (कार्य कारणात आधीच असते की नाही) आणि ख्यातिवाद (भ्रम कसा होतो) यांचेही तसेच. पाश्चात्त्य बाजूला प्लेटो-अ‍ॅरिस्टॉटल, मग बुद्धिवादी देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ, दुसरीकडे अनुभववादी लॉक, बर्कली, ह्यूम, आणि या दोन्ही धारा जिथे येऊन मिळतात तो कांट. एवढे नीट झाले तरी पाया होतो.

एम.ए.ची रचना अशी: राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ८८ श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे दर सत्राला २२. थिअरीचा १ श्रेयांक म्हणजे १५ तास. ४ श्रेयांकांची संशोधनपद्धती पहिल्याच सत्रात येते. दुसऱ्या सत्रात ४ श्रेयांकांचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प, तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प. पहिल्या वर्षानंतर ४४ श्रेयांक घेऊन पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते, पण नेट-सेट किंवा प्राध्यापकीच्या दृष्टीने तिचा उपयोग नाही.

कागदपत्रांत मुले अडकतात ती दोन ठिकाणी. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट (आधीचे विद्यापीठ सोडल्याचा दाखला) आणि एलिजिबिलिटी (पात्रतेची मान्यता) लागते, आणि ते हातात यायला वेळ जातो. तुमचे महाविद्यालय स्वायत्त असले तरी पदवी पुणे विद्यापीठाचीच असेल तर मायग्रेशनची गरज नाही. दुसरे म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा) १२ अंकी क्रमांक: आधारवरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव वेगळे असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, प्रवेशाच्या आठवड्यात ते होत नाही.

व्याप्ती

लॉजिकबद्दल विचारलेत ते बरे झाले, कारण तिथे अडण्याचे कारण बुद्धी नसून सवय असते. रसायनवाल्यांना तर चिन्हांची भीतीही नसते.

प्रचलित पाठ्यपुस्तकांत प्रूफसाठी (आधारविधानांपासून निष्कर्षापर्यंतची पायऱ्यापायऱ्यांची सिद्धता) १९ नियम असतात, ९ अनुमानाचे आणि १० प्रतिस्थापनाचे. अनुमानाचा नियम फक्त अख्ख्या ओळीला लागतो, प्रतिस्थापनाचा नियम ओळीच्या आतल्या तुकड्यालाही लागतो. बहुतेक चुका इथे होतात. ओळ अशी आहे समजा: ‘(अ आणि ब) असेल तर क’. कंसात ‘आणि’ दिसले की सिम्प्लिफिकेशन (‘अ आणि ब’वरून ‘अ’ काढण्याचा नियम) लावून ‘अ’ वेगळा काढायचा मोह होतो. पण ओळीने ‘अ आणि ब’ खरे आहे असे म्हटलेलेच नाही, ते खरे असेल तर काय एवढेच म्हटले आहे. प्रत्येक पायरीला ओळीचा मुख्य संयोजक (अख्खी ओळ जोडणारा ‘आणि’, ‘किंवा’, ‘तर’) कोणता ते आधी अधोरेखित करा. ही सवय लागली की निम्म्या चुका जातात.

पुढे क्वांटिफायर (‘सर्व’, ‘काही’ हे शब्द) येतात, आणि तिथली चूक जास्त बारीक असते. ‘काही पुणेकर गिर्यारोहक आहेत’ आणि ‘काही पुणेकर गायक आहेत’ ही दोन आधारविधाने घ्या. पहिल्यावर एक्झिस्टेन्शियल इन्स्टॅन्शिएशन करून त्या कुणा एकाला ‘च’ म्हटले. दुसऱ्यावरही तेच करताना पुन्हा ‘च’ वापरला, की दोन ओळींत ‘काही गिर्यारोहक गायक आहेत’ असा निष्कर्ष निघतो. खडकवासल्याच्या बाजूला डोंगर चढणारे आणि सवाई गंधर्वला गाणारे एकच आहेत असे कुणीही सांगितलेले नव्हते. म्हणून नियम: या पायरीला नाव दर वेळी नवे, प्रूफमध्ये आधी कुठेही न आलेले. आणि म्हणूनच ‘काही’ची ओळ आधी सोडवायची, ‘सर्व’ची नंतर, कारण ‘सर्व’ला कोणतेही नाव चालते. क्रम उलटला की प्रूफ अडते आणि मुलांना वाटते की युक्तिवादच चुकीचा आहे.

सराव रोज थोडा करा, रविवारी एकदम नको. उत्तर पाहून प्रूफ समजते, पण रचता येत नाही. कोरा कागद घेऊन निष्कर्षाकडून मागे येत विचार करावा लागतो: हा निष्कर्ष कोणत्या ओळीतून निघेल, ती ओळ कशातून निघेल. मार्ग सापडत नसेल तर कंडिशनल प्रूफ (‘जर’चा भाग गृहीत धरून ‘तर’चा भाग काढणे) किंवा इनडायरेक्ट प्रूफ (निष्कर्ष खोटा मानून विसंगती दाखवणे) लावून पाहा.

याच्या जोडीला न्यायदर्शनाचे अनुमान वाचा, म्हणजे दोन्ही परंपरा एकमेकींवर प्रकाश टाकतात. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन हे पाच अवयव सगळे पाठ करतात. खरी गंमत हेत्वाभासात (सदोष हेतूत) आहे. ‘पर्वतावर आग आहे, कारण धूर आहे’ हे योग्य अनुमान. उलटे करून ‘पर्वतावर धूर आहे, कारण आग आहे’ म्हटले की मोडते, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर यायला ओले इंधन लागते. ही ओल्या इंधनाची अट म्हणजे उपाधी: जिथे जिथे धूर तिथे ती असतेच, पण जिथे जिथे आग तिथे ती असतेच असे नाही. परीक्षेत उपाधीची व्याख्या लिहून थांबणारे पुष्कळ असतात. ती या उदाहरणावर दोन्ही बाजूंनी लावून दाखवली, तर वाचणाऱ्याला कळते की हिला विषय समजला आहे.

अनुमिती_पुणे

मनापासून आभार. मुख्य संयोजक अधोरेखित करायची गोष्ट आजपासूनच सुरू करते. मराठी माध्यमाबद्दल आणि दीर्घोत्तरांबद्दलही कुणी सांगाल का? विज्ञानात आम्हाला असे लिहायची सवयच नाही.

जयकर_वाचनकक्ष

मराठीत उत्तरे लिहिता येतात. माझा आग्रह एवढाच की लिहा मराठीत, पण वाचा दोन्ही भाषांत. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे मूळ ग्रंथ इंग्रजीतूनच वाचावे लागतील. परिभाषेसाठी दे. द. वाडेकर संपादित मराठी तत्त्वज्ञान महाकोश हाताशी ठेवा, १९७४ चे तीन खंड आहेत. एका संकल्पनेला उत्तरभर एकच संज्ञा वापरा. पहिल्या पानावर एक आणि तिसऱ्यावर दुसरी आली की तपासणाऱ्याला त्या दोन वेगळ्या कल्पना वाटतात.

दीर्घोत्तराचे म्हणाल तर विज्ञानातून आलेल्यांचा कल माहिती देण्याकडे असतो आणि गुण जातात तिथेच. देकार्तच्या संशयपद्धतीवर प्रश्न आला तर तो १५९६ मध्ये जन्मला हे सांगून काही मिळत नाही. संशय टप्प्याटप्प्याने कसा वाढतो ते दाखवा. इंद्रिये कधीकधी फसवतात, पण त्याने जवळच्या गोष्टी डळमळत नाहीत. स्वप्नाचा युक्तिवाद त्याही हलवतो, तरी गणित उरते. फसवणाऱ्या दुष्ट शक्तीची कल्पना गणितालाही गाठते. प्रत्येक टप्पा आधीच्याला जे जमले नाही ते का करतो, हे लिहिले की उत्तर युक्तिवाद होते. मग आक्षेप घ्या: स्पष्ट आणि विविक्त (इतरांपासून नीट वेगळ्या ओळखता येणाऱ्या) कल्पनांची हमी ईश्वर देतो, आणि ईश्वराची सिद्धी त्याच कल्पनांवर उभी, हे वर्तुळ त्याचा समकालीन टीकाकार आर्नोने देकार्तच्या हयातीतच दाखवले होते. देकार्तच्या बाजूने काय म्हणता येईल तेही लिहा. आपले मत शेवटी, दोन-तीन वाक्यांत, कारणासह.

मूळ ग्रंथ उघडण्याचा फायदा इथे दिसतो. ‘मी विचार करतो म्हणून मी आहे’ हे वाक्य सगळे १६४१ च्या मेडिटेशन्सच्या नावावर टाकतात. त्या ग्रंथात ते या रूपात नाही. ते १६३७ च्या डिस्कोर्समध्ये आणि १६४४ च्या प्रिन्सिपल्समध्ये आहे. दुसऱ्या मेडिटेशनमध्ये म्हटले आहे ते ‘मी आहे, मी अस्तित्वात आहे’ हे विधान उच्चारताना दर वेळी सत्यच असते, एवढेच. त्यात ‘म्हणून’ नाही, आणि ते अनुमान आहे की थेट प्रतीती हा वाद नेमका त्यावरून चालतो.

प्रकल्पाबद्दल आत्ताच सांगून ठेवतो. ‘शंकराचार्य आणि कांट: एक तुलना’ असा विषय घेऊ नका, दोन सत्रांत तो कुणाच्याच आवाक्यात येत नाही. एक ग्रंथ, त्यातला एक युक्तिवाद, त्यावरचा एक आक्षेप, एवढे पुरे. संदर्भ देताना प्लेटोसाठी स्टेफानस क्रमांक, अ‍ॅरिस्टॉटलसाठी बेकर क्रमांक (दोन्ही प्रमाण आवृत्त्यांचे पृष्ठांक, सगळ्या अनुवादांत समासात असतात), कांटच्या पहिल्या क्रिटिकसाठी (क्रिटिक ऑफ प्युअर रीझन) १७८१ आणि १७८७ च्या आवृत्त्यांचे ए आणि बी पृष्ठांक द्या. नुसता अनुवादाचा पानक्रमांक दिलात तर दुसरा अनुवाद वापरणाऱ्याला जागा सापडत नाही. साम्यतपासणीत (दुसऱ्याचे लेखन उचलले का याची तपासणी) यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत चालते, १० ते ४० टक्के निघाले तर लेखन दुरुस्त करून पुन्हा सादर करावे लागते. यात सापडतात ती बहुतेक वेळा टिपणे काढताना अवतरणचिन्ह न घातलेली वाक्ये. टिपण काढतानाच दुसऱ्याचे शब्द वेगळ्या रंगात लिहा.

पुस्तकांसाठी विद्यापीठाचे जयकर ग्रंथालय आहेच. संस्कृत ग्रंथांच्या जुन्या चिकित्सक आवृत्त्यांसाठी पुण्यातल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जा.

पूर्वपक्ष

नेट-सेटचे राहिले होते. दोन्हींत पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, वेळ मिळून ३ तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सेट आपले विद्यापीठच घेते आणि ती महाराष्ट्र-गोव्यातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी चालते. जेआरएफ (संशोधनासाठीची पाठ्यवृत्ती) मात्र नेटमधूनच. एम.ए.ला खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के आवश्यक आहेत, राखीव प्रवर्गांना ५०. नेटच्या अभ्यासक्रमाचे दहा घटक आहेत, त्यातला तर्कशास्त्राचा घटक पहिल्या वर्षीच पक्का होऊ शकतो, आणि उपयोजित तत्त्वज्ञानाचा घटक मुले शेवटपर्यंत टाळतात. पहिल्या वर्षी एवढेच करा: दर पेपर संपला की त्या घटकाचे जुने नेटचे प्रश्न सोडवून पाहा. वेगळी शिकवणी नको.

सहायक प्राध्यापकांच्या जागा कमी निघतात हेही गृहीत धरा. कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवायचे तर बी.एड.ही करावे लागेल.

व्याप्ती

शेवटच्या सत्राच्या परीक्षा झाल्यावर प्रवेशापर्यंत मधला काळ मिळेल. त्यात अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह (न्याय-वैशेषिकाची छोटी संस्कृत प्रवेशिका) मराठी विवरणासह घ्या, रोज आठ-दहा ओळी. संस्कृत शाळेपुरते असले तरी चालते, वाक्ये छोटी आहेत. मूळ ओळ वहीत उतरवा, खाली आपल्या शब्दांत अर्थ, आणि त्याखाली या व्याख्येतला प्रत्येक शब्द काढला तर काय बिघडते ते लिहा. अव्याप्ती (व्याख्या अपुरी पडणे), अतिव्याप्ती (जास्त पसरणे), असंभव (कुठेच न लागणे) हे तीन दोष तिथेच हाताला लागतात. सुरुवात अनुमानखंडापासून केलीत तरी हरकत नाही, प्रत्यक्षखंडातले सहा सन्निकर्ष (इंद्रिय आणि वस्तू यांचे संबंध) नंतर वाचता येतील.