बोर्डावरची महिला संचालक : नियम कडक करावा की सोडून द्यावा?

मिनिट्सवाली (धरमपेठ)
मी कंपनी सेक्रेटरी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं प्रत्येक लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपनीला किमान एक महिला संचालक बंधनकारक केली. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची मुदत १ ऑक्टोबर २०१४ ची होती, ती १ एप्रिल २०१५ वर ढकलली. त्या मार्चमधली धावपळ मी पाहिली आहे. मालकांनी मला विचारलं, "घरातलं कोणाचं नाव टाकता येते?" त्यांच्या घरातल्या वहिनींचा डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) काढला, सह्या घरी जाऊन घेतल्या. मी तिथे होते तोवर त्या एकाही बैठकीला आल्या नाहीत.

कंपन्यांच्या कारभारावरच्या कोटक समितीनंतर सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना २०१९ पासून आणि पहिल्या १००० ना २०२० पासून महिला *स्वतंत्र* संचालक सक्तीची केली. तिथे प्रमोटरची, म्हणजे कंपनीच्या मालकाची, नातेवाईक चालत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हे सगळ्याच लिस्टेड कंपन्यांना लावा. खरी गोम हजाराच्या खालीच आहे.

बुटीबोरीवाला
ताई, पटलं नाही. माझी प्रायव्हेट लिमिटेड आहे, हा कायदा मला लागत नाही. पण बावीस वर्षं माझी बायको हिशेब पाहते, बँकेशी तीच भांडते, कामगारांचा पगार तिच्या सहीनं निघतो. उद्या कंपनी लिस्ट केली तर ती नातेवाईक म्हणून मोजायचीच नाही? अन् वर्षातून चारदा मुंबईहून येऊन बैठकीची सिटिंग फी घेणारी तेवढी खरी?

मिनिट्सवाली
भाऊ, वहिनींना संचालक करा, जरूर करा. त्यांना कोणी अडवत नाही. पण कंपनी घरच्याच जागेला भाडं देते, भावाच्या फर्मकडून माल घेते, तेव्हा दर कोणी विचारायचा? लिस्टेड कंपनीत असे व्यवहार ऑडिट कमिटीतले (बोर्डाच्या हिशेब पाहणाऱ्या समितीतले) फक्त स्वतंत्र सदस्य मंजूर करतात. त्या खुर्चीवर बाई हवी, असं मी म्हणतेय.

माजी सरपंच, कळमेश्वर
आमच्याकडे पंचायतीत ५० टक्के आरक्षण आलं तेव्हा 'सरपंचपती' म्हणून हसले लोक. सुरुवातीला माइक यांच्याच हातात असे, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या वर्षी पाणीपुरवठ्याचा ठराव मी स्वतः वाचला अन् ठेकेदाराचं बिल थांबवलं. खुर्ची मिळाल्याशिवाय शिकायचं कुठं?

शेअरवाला_इतवारी
काकू, तुम्हाला गावानं निवडून दिलं. कंपनीत पैसा भागधारकांचा असतो. नॉर्वेनं पब्लिक कंपन्यांच्या बोर्डावर ४० टक्के बायांचा कायदा केला, तर काही कंपन्यांनी पब्लिक कंपनीचा दर्जाच सोडला. ब्रिटननं सक्ती केली नाही. २०११ मध्ये बोर्डावरच्या महिलांबद्दलच्या डेव्हिस अहवालानं मोठ्या १०० कंपन्यांना २०१५ पर्यंत २५ टक्क्यांचं लक्ष्य दिलं अन् ते गाठलं गेलं. तिथली कंपनी-कारभाराची संहिता म्हणते, पाळा नाहीतर कारण सांगा. आपल्यालाही तेवढं पुरे.

मिनिट्सवाली
कारण सांगणं म्हणजे काय, ते मला विचारा. "योग्य उमेदवाराचा शोध सुरू आहे" हे वाक्य मी सलग तीन तिमाह्या लिहिलं आहे. शोध कोणी घेत नव्हतं. याची मला आजही लाज वाटते.

बुटीबोरीवाला
पण बाया खरंच मिळत नाहीत ना! नागपुरात कारखान्याचा ताळेबंद वाचणारी, बाहेरची बाई दाखवा मला.

निवृत्त_बँकवाली (सीताबर्डी)
मी आहे. एकतीस वर्षं कर्जखाती पाहिली, त्यात बुटीबोरी-हिंगण्याचेच कारखाने जास्त. स्वतंत्र संचालकांच्या सरकारी डेटाबँकेत नाव घातलं, तिची परीक्षा पास झाले. दीड वर्षात एकच फोन आला. ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, बैठकीला यायची गरज नाही, कागद घरी पाठवू." मी म्हटलं, कागद आठ दिवस आधी पाठवा, वाचून बैठकीला येते. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही.